भिंगावरचं कुंकू

मायक्रोस्कोप उचलताना एक हात त्याच्या मानेला आणि दुसरा बुडाखाली द्यायचा, हे मला आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण विचारतो कोण? ज्याला विचारायचं होतं, त्याने एकदाच विचारलं, आणि तेव्हा मी तोंडात गुळणी धरून बसलो.

जळगाव जामोदहून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. तिथल्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. औषधं कुटायची, बाटल्यांवर डोसाच्या कागदी खुणा चिकटवायच्या, एवढंच काम. पावसाळा सरला की त्या पट्ट्यात थंडीताप असा पसरायचा की घरटी एक माणूस घोंगडीखाली कुडकुडत असायचं. मालकांचा नातू त्याच तापातून उठला, म्हणून त्यांनी दवाखान्याला मायक्रोस्कोप दिला. मालक म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे जमीनदार. आमच्या घरचा भाजीचा मळा त्यांच्याच विहिरीच्या पाण्यावर पिकत होता.

डॉक्टर नागपूरकडचे, नवे. त्यांना कामाला जोडीदार हवा होता, म्हणून त्यांनी मला शिकवायला घेतलं. यंत्र उत्तरेच्या खिडकीशी ठेवायचं, त्याच्या बुडाशी असलेल्या आरशावर ऊन पडू द्यायचं नाही. भिंग खाली आणताना डोळा नळीला लावायचा नाही. बाजूने वाकून, काचेवर टेकत तर नाही ना, हे पाहायचं आणि मग वर उचलत उचलत चित्र शोधायचं. दुसरा डोळा मिटायचा नाही. पहिले पंधरा दिवस मला माझ्याच पापण्यांचे केस दिसत होते. मग एका सकाळी रक्ताच्या गोल गोल पेशी दिसल्या आणि एकीच्या पोटात इवलीशी निळी अंगठी, म्हणजे थंडीतापाचा जंतू. मी ओरडलो, "डॉक्टरसाहेब, दिसून राह्यलं!" माझ्या ओरडण्याला ते पोट धरून हसले. मला राग आला नाही, इतका मी खूश होतो.

सगळ्यांत मोठं भिंग तेलाचं. काचेवर तेलाचा थेंब टाकून त्यात ते बुडवायचं आणि काम झालं की जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने, झायलॉलचा थेंब घेऊन पुसायचं. "स्पिरिट कधीही नाही," डॉक्टर बजावायचे. "आतल्या काचा डिंकाने चिकटवलेल्या असतात. स्पिरिटने तो विरघळतो." दोन वर्षं मी त्या भिंगाला जपलं. बायको म्हणायची, पोरांची नाकं एवढ्या मायेने पुसत नाहीत तुम्ही. खरंच होतं ते.

मग डॉक्टरांनी सांगितलं की नागपूरला रक्त तपासायचं सहा महिन्यांचं शिक्षण आहे, तिथून आलेल्याला तपासनीस म्हणून नेमणूक मिळते. वऱ्हाडातून एक माणूस घेणार होते, आणि डॉक्टर माझं नाव धाडणार होते. दसरा झाला की पत्र लिहितो, म्हणाले आणि सुट्टीवर घरी गेले. माझं आयुष्य त्या एका पत्रावर येऊन थांबलं होतं. दिवसभर औषधं खलताना मी मनात नागपूरच्या खोलीत सामान मांडत होतो.

खंडेनवमीला दवाखान्यातली सगळी अवजारं मांडून पूजा व्हायची. तराजू, खलबत्ता, कात्र्या, चिमटे. मायक्रोस्कोप मी पेटीत कुलपात ठेवला होता, मुद्दामच. मालक पूजेला आले आणि त्यांनी आधी तोच मागितला. देणगी त्यांची. मी काढून मांडला.

"याचा डोळा कोठी हाये बे?" त्यांनी विचारलं.

मी तेलाचं भिंग दाखवलं.

"मंग काहाड बाहेर. डोळ्याले कुंकू लावल्याबिगर पूजा होते का?"

माझा हात थांबला.

"काऊन बे, काय झालं?"

हाच तो प्रश्न. दवाखान्यात दहा माणसं उभी होती, बाबाही होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला विहीर दिसली.

"काही नाही जी," मी म्हणालो, आणि भिंग फिरकी देऊन काढून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी पाण्यात कालवलेलं कुंकू बोटाने त्याच्या काचेवर चांगलं दाबून लावलं.

सगळे गेल्यावर मी पुसायला बसलो. झायलॉलची बाटली तळाला गेली होती. काचेवरचं निघालं, पण कडेच्या खाचेतलं लाल निघेना. पुसावं तितकं ते आत सरकत होतं. आणि मग मी, ज्याला दोन वर्षं बजावलं होतं त्याने, वाटीत स्पिरिट ओतून भिंग दुपारभर बुडवून ठेवलं. का केलं? घाबरलेला माणूस गाढवाच्याही खालचा असतो, एवढंच उत्तर माझ्याजवळ आहे.

डॉक्टर परत आले, नळीला डोळा लावला. आत नुसतं दुधाळ धुकं.

"स्पिरिट?"

"हो. कुंकू निघेना."

"पाण्याने लावलेलं कुंकू पाण्यानेच निघालं असतं," ते म्हणाले. शुद्ध पाण्याची बाटली माझ्या मागच्याच फळीवर होती.

मालकांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "म्या त फक्त कुंकू लावलं. खराब त यानं केलं." शेळी जाते जिवानिशी अन् खाणारा म्हणतो वातड. पण ते खोटं बोलत नव्हते, हेच मला जास्त जाळत राहिलं. डॉक्टरांनी खाचेतलं लाल पाहिलं होतं. तरी ते मालकांकडचा चहा प्यायले आणि काही बोलले नाहीत. त्यांना मी आजही माफ केलेलं नाही. नागपूरला मालकांचा भाचा गेला. बाबा म्हणाले, "जाऊ दे. पाणी त चालू हाये ना." त्या दिवशी मी जेवलो नाही.

पुढच्या खंडेनवमीला भाचा तपासनीस होऊन आलेला होता. यंत्राला नवं भिंग होतं. हळदीकुंकवाचं तबक धरायचं काम माझ्याकडे. मालकांनी बोट कुंकवात बुडवलं, तसा भाचा म्हणाला, "मामा, भिंगाले नका लावू. खराब होते. खाली लोखंडाले लावा."

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार.

"असं हाये का?" मालक म्हणाले. "मंग मांगच्या साली सांगतलं काऊन नाही कोणी? आपल्याले काय मालूम!"

त्यांनी यंत्राच्या बुडाला कुंकू लावलं. मग तेच बोट माझ्या कपाळाकडे आणलं. त्यांना हात उंच करावा लागू नये म्हणून मी खाली वाकलो.