काठावरचा ढीग

अकोला सोडलं तेव्हा ऊन नुकतंच चढत होतं. वऱ्हाडातल्या पंतोजींना (शाळामास्तरांना) इथल्या जमिनीचे थर लोकांना कसे समजावून सांगावेत हे दाखवायचं, मग अमरावतीत दगडमातीचे नमुने मांडायला मदत करायची, असं माझं काम. पुण्यात बसून ते फार सोपं वाटलं होतं. इथे काळी जमीन उन्हाने फाटून पडली होती. एका भेगेत मी काठी घातली, तर अख्खी आत गेली.

"पाय घालू नोका," गाडीवान म्हणाला. "अंदर जनावर रायते."

जनावर म्हणजे साप. पुढचा सगळा रस्ता मी पाय पोटाशी घेऊन बसलो. समोरून कापसाच्या गाड्यांची रांग संपता संपेना. विलायतेला कापूस हवा होता, त्यामुळे वऱ्हाडात वीतभर जमीनही कुणी मोकळी सोडत नव्हतं.

पूर्णा नदीकाठच्या गावी तिथले पंतोजी वाट पाहत होते. साठीचे, पण उत्साह पोराचा. भाकर आणि जाळ तिखट झुणका वाढला. वर पाणी प्यायलो तर तेही खारट.

"हेच पेतो आमी," ते म्हणाले.

म्हणूनच गावच्या पाटलांच्या वावरात (शेतात) नवी विहीर खणणं चाललं होतं. तिथेच गाव जमवायचा आणि आत उतरून एकेक थर हाताने दाखवायचा, असं आम्ही ठरवलं.

विहिरीची मला लहानपणापासून धास्ती. गाव जमल्यावर पंतोजी शिडीवरून झपझप उतरले, मागोमाग मी, डोळे मिटून. वर काळी माती, मग पिवळी, तळाशी ओलसर वाळू. "ही सगळी नदीने आणून टाकलेली," मी ओरडून सांगू लागलो. तेवढ्यात पिवळ्या थरातून माती भुरभुर गळू लागली. मी वर पाहिलं. खणलेल्या मातीचा ढीग अगदी काठावर, आणि शेजारी पाटील उभे!

"पाटील, ढीग काठावर का टाकलात?"

"मंग कुठी टाकू? खारी माती हाये. वावरात टाकली त औंदा कपाशी निंगन का?"

मी शिडी धरली. "चढा, पंतोजी."

"तुमी पावणे. पयले तुमी."

"तुम्ही वडील माणूस. आधी तुम्ही."

"असं कसं चालन?"

माती गळतच होती, तरी तोंडातून 'आधी तुम्ही' सुटतच होतं.

"मानपान वर येऊन करा नं बापा!" पाटील ओरडले.

शेवटी पंतोजींनी मला शिडीवर ढकललंच. मी काठावर हात टेकला आणि मागे धप्प आवाज झाला. समोरची बाजू खचली होती. धुळीत पंतोजी दिसेनात. खालून फक्त कण्हणं ऐकू येत होतं.

माणसं उतरायला धावली, पण उरलेला ढीग कलला होता. तो हलवल्याशिवाय उतरणं म्हणजे आणखी माणसं गाडणं. सगळे पाटलांकडे पाहू लागले. पाटलांनी क्षणभर वावराकडे पाहिलं. मग पहिलं टोपलं त्यांनीच उचललं.

"टाका वावरात!"

खारी माती कपाशीच्या जमिनीवर पसरत गेली. मग माणसं खाली उतरली. पंतोजी छातीपर्यंत गाडले गेले होते, पण जिवंत होते. पाय मोडला होता. बाजेवर निजवलं तेव्हा ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "आता थर सगळ्याइच्या ध्यानात रायतीन."

अमरावतीचं काम उरकून मी घरी परतलो. निघताना वाटलं होतं, जमीन समजावून सांगायची म्हणजे लोकांच्या मनातली भीती काढायची. आता मी शिकवताना थोडी भीती ठेवतो. विहीर दाखवायला अजून जातो, धास्तीही अजून आहे. पण आत उतरण्याआधी, वर आधी कोण येणार, हे मी काठावरच ठरवून घेतो.