गाळलेले शब्द

वरणगावला दारूगोळ्याच्या कारखान्यात मी नोकरी केली. ज्या खोल्यांत दारू भरली जाई, तेथे दारातच चपला काढून बिनखिळ्यांचे जोडे घालावे लागत. खिळा फरशीला घासून ठिणगी पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. प्रार्थना करून कामाला लागणारे आम्ही काही जण होतो. परंतु प्रार्थना केली म्हणून जोडे न घालता आत गेलेला मनुष्य मी पाहिला नाही.

आम्ही मूळचे साक्रीकडचे, आजोबांपासून ख्रिस्ती. धाकटा भाऊ रावेरजवळ निम्म्या वाट्याने केळी करतो. मागे एकदा केळीच्या वाळल्या पाल्यात त्याला घोणस चावली. शेतमालकाच्या ट्रॅक्टरने रावेर गाठले, तेथून जळगाव. विषावरचे इंजेक्शन पुन्हा पुन्हा द्यावे लागले. मी खाटेशेजारी होतो. पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. तो वाचला.

बरा झाल्यावर त्याने प्रार्थनासभेत साक्ष दिली. स्तोत्रात अभिवचन आहे की, देवाचे दूत भक्ताला हातांवर झेलतील, त्याच्या पायाला दगड लागू देणार नाहीत, आणि भक्त नागालाही तुडवील. ते आपल्या ठायी पूर्ण झाले, असे त्याने सांगितले. त्या पहिल्या साक्षीत ट्रॅक्टर होता, डॉक्टर होते, इंजेक्शनही होते. मग गावोगावहून बोलावणी येऊ लागली. साक्षीतून प्रथम ट्रॅक्टर गेला, पुढे डॉक्टर गेले. धुळ्याच्या सभेत मी मागच्या बाकावर बसून ऐकले, तेव्हा इंजेक्शनही उरले नव्हते. साप चावला, प्रार्थना झाली, विष उतरले. लोक आमेन म्हणाले.

त्यानंतर तो मळ्यात अनवाणी जाऊ लागला. साक्षीदाराच्या मागे त्याची बायको चपला घालून कशी चालणार? तिनेही सोडल्या.

या उन्हाळ्यात मी गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांचे दोन जोड घेऊन रावेरला गेलो. भावाने ते उलटसुलट करून पाहिले आणि खाटेखाली सारले. मी त्याला स्तोत्राचा अर्थ सांगितला. हेच वचन सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिखरावर उभे करून ऐकवले होते. उडी टाक, दूत झेलतील, असे तो म्हणाला. परंतु म्हणताना त्याने शब्द गाळले. रक्षण तुझ्या मार्गांत होईल, असे मूळ वचन आहे. शिखरावरून उडी हा कोणाचा मार्ग नव्हे. म्हणून देवाची परीक्षा पाहू नये, असे प्रभूने उत्तर दिले आणि जेथे उभा होता तेथेच उभा राहिला. जुन्या भाष्यकारांनी आणखी एक गोष्ट टिपली आहे: नागाला तुडवण्याची ओळ लगेच पुढे येते, सैतान तिच्या अलीकडेच थांबला, कारण तो नाग म्हणजे तो स्वतःच.

शेवटी मी विचारले, "तुझ्या साक्षीतले इंजेक्शन कोणी गाळले?"

त्याने घोट्यावरचा व्रण चोळला. मग हसला. "भाऊ, तुम्ही जनमभर दारूगोयामा काम करं. तुमले भेवच शिकाडं."

भीती नव्हे, जोडे घालायला शिकवले, असे मी म्हणालो. तो पाण्याची नळी पाहायला निघून गेला. अनवाणी.

निघताना भावजय मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. वाट केळीच्या ओळींमधून जाते. दोन्ही बाजूंना कापलेली पाने वाळून पसरलेली. माझ्या पायांत बूट होते, तिचे पाय उघडे. मी तिला म्हणालो, नवऱ्यासमोर नको तर नको, एकटी असशील तेव्हा तरी बूट घालत जा. ती थांबली. मागे वळून पाहून हळूच म्हणाली, "बूट राहू द्या, नाना. ते इंजेक्शन कोणता दवाखानामा भेटस, तेवढं सांगा."

मी सांगितले. आधी रावेर, तेथे नसेल तर थेट जळगाव. मध्ये कोणाकडे थांबायचे नाही, मंत्रासाठी नाही आणि प्रार्थनेसाठीही नाही. वाटेत गाडीत प्रार्थना करता येते. तिने ते ओठांत पुन्हा म्हणून घेतले.

आम्ही दोघे उभे होतो. वारा पडलेला होता. तिच्या पलीकडच्या ओळीत पाला वाजत होता.