पेरांवरची मोजणी

पोलीस ॲक्शननंतर आमच्या शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली, तेव्हा माझी जी तारांबळ उडाली ती मी कुणाला कळू दिली नाही. घरी मराठी बोलायचो, पण माझं सगळं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं. औरंगाबादेत चौथीच्या वर्गापुढं उभं राहून फळ्यावर हिशेब मराठीत मांडायचा अन् डोक्यात उर्दूतनं सोडवायचा, असा माझा कारभार. पकडला जाईन ही धास्ती कायम. घाबरलेला मास्तर लई मारतो. मीही मारायचो.

त्या वर्षी एक मुलगी आली. बाप हिमरू शाली विणायचा. आता जमाना मराठीचा म्हणून त्यानं तिला मुद्दाम आमच्याकडं घातली होती. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तरसाब, घरात माझी अम्मी पोरीच्या शाळेला नको म्हणती. पोरगी पास झाली तर पाचवीत घालतो, असं मी बोलून बसलोय. नापास झाली तर माझं कोन ऐकनार?"

"होईल पास, त्यात काय!" मी म्हणालो.

एकदा मी वर्गात काड्या वाटल्या. दहा दहाच्या जुड्या बांधा, उरतील ते सुटे, असं सांगितलं. बाकीच्यांनी बांधल्या. हिच्या जुड्या जाडजूड. मोजल्या तर प्रत्येकीत पंधरा! विचारलं तर तिनं हात पुढं केला. करंगळीपासून एकेका बोटाची तीन पेरं, अंगठ्याचीही मुळापासून तीन धरायची, म्हणजे पाच बोटं, एका हाताची पंधरा. घरातल्या बाया नमाजानंतर तसबीहचा जप असाच पेरांवर मोजतात, हे मला ठाऊक होतं. आमच्या गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. पोरगी मोजायला तिथूनच शिकली होती. बेरीज-वजाबाकी ती पेरांवरच करायची, अन् खोटं कशाला बोलू, तिचं उत्तर कधी चुकत नव्हतं.

मला तेव्हा एवढंच दिसलं की तपासणीला साहेब येणार, ही पोरगी बोटांवर मोजणार, अन् साहेब मला विचारणार, दशक शिकवला नाही का? मी तिच्या बोटांवर पट्टी मारली. तिनं पुन्हा मोजली, मी पुन्हा मारली. शेवटी हात पाठीमागं बांधून उभं राहायचं, तोंडानं उत्तर द्यायचं, असा नियमच केला. "दहा! दहा! दहा!" मी ओरडायचो. पोरगी रडायची नाही. आधी उत्तरं उशिरा यायला लागली, मग चुकीची, मग यायचीच थांबली. उलट मला वाटायचं, बघा, बोटांच्या सवयीनं हिचं डोकं कसं बंद पडलंय. काय मूर्ख होतो मी!

परीक्षेला साहेब आले. तोंडी हिशेब ते स्वतः घ्यायचे. तिची पाळी आली. "बत्तीसातून सतरा गेले, राहिले किती?"

राहिले पंधरा. तिच्या मोजणीत नेमका एक हात. यापेक्षा सोपा हिशेब त्या पोरीला कुणी घालूच शकला नसता. ती हात पाठीमागं घट्ट धरून उभी होती अन् साहेबांकडं नाही, माझ्याकडं बघत होती. बाळा, मोज बोटांवर, एवढं म्हणायला माझं काय जात होतं? पण साहेब शेजारी बसले होते. मी हजेरीपटात डोकं घातलं.

"पुढची," साहेब म्हणाले.

असेच आणखी दोन हिशेब तिला सुटले नाहीत अन् ती गणितात नापास झाली.

निकालाच्या दिवशी बाप तिला घेऊन आला. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं टोपी सारखी केली अन् हळूच विचारलं, "मास्तरसाब, खरं सांगा. पोरगीच कच्ची आहे का? तसं असंल तर मी बी घरी उगी वाद घालत नाय."

तेव्हाही वेळ होती. पुन्हा बसवा, पुढच्या वर्षी माझ्यावर सोडा, असं सांगता आलं असतं. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं.

"कच्चीच आहे," मी म्हणालो. "गणित हिला जमायचं नाही."

ती बापाचा हात धरून शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं अन् शहाण्यासारखी मान हलवली. तिला ते पटलं होतं.