ग्रीकांच्या खिंडीतले मावळे

मुलीच्या वर्गाचं प्राचीन लढायांचं प्रदर्शन होतं. खिंड अडवून अफाट पर्शियन फौजेशी लढलेले मूठभर ग्रीक मी थर्माकोलचे केले आणि मुलीला बजावलं, "हात लावू नकोस, बिघडेल."

शाळेत पोचले तर सगळी गर्दी शेजारणीच्या मुलाच्या टेबलाभोवती. शेजारीण आमच्या पुण्याचीच, फार्मसिस्ट. लढाईही तीच! पण दिवाळीच्या किल्ल्यासारखा मातीचा डोंगर, त्यावर उगवलेले अळीव आणि ग्रीक म्हणून चक्क मातीचे मावळे. टीचर "सो कूल" म्हणत फोटो काढत होती. माझा नुसता जळफळाट झाला. मावळे मला का नाही सुचले? आणि इथे परदेशात, टौरंगात, हिला अळीव मिळाले कुठे?

"एवढं सगळं कधी केलंस गं?" मी गोड हसून विचारलं.

"मी कुठे? तू कामावरून येईपर्यंत दोघं पोरं रोज आमच्या बॅकयार्डमध्ये हेच करत होती."

डोंगराच्या पलीकडे माझी मुलगी उभी होती. नखांत माती. येणाऱ्या प्रत्येकाला ती आनंदानं सांगत होती, "यू कॅन टच इट!"