किल्टवाला शेजारी

हॅम्बर्गमधला आमचा वरच्या मजल्यावरचा स्कॉटिश शेजारी पाव आणायलासुद्धा किल्ट नेसून जातो. जमिनीवरची पिशवी उचलायला तो कधी वाकत नाही. गुडघे जुळवून, पाठ ताठ ठेवून खाली बसतो. बेकरीवाली एकदा हसत म्हणाली, "स्कर्ट छान आहे हं!"

"हो, माझ्या आजोबांचा," तो ताठ मानेने म्हणाला. तिचं हसू तिथेच विरलं.

माझ्या धोतराला ऑफिसात 'चादर' म्हणाले, तेव्हा मी नुसताच भांडलो होतो, आणि धोतर बॅगेत गेलं होतं. ते अजून डाचतं.

यंदा पाडव्याला मी धोतर नेसून खाली उतरलो. तो दारातच भेटला. मला नीट न्याहाळून गंभीरपणे म्हणाला, "बाहेर वारा आहे. पुढून धरून चाला."

"तुम्ही धरा," मी म्हणालो. "आमच्याला मागे कासोटा असतो!"

आणि पाठ फिरवून त्याला तो ऐटीत दाखवला.