ताडपत्रीखालून आलेले ठोके

अशा सदरांमध्ये येणारे अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगू? हसायला वाचते. पिंपळावरची बाई, रस्त्यात लिफ्ट मागणारा म्हातारा... दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइलवरून मोठ्याने वाचायची आणि माझे दीर प्रमोदभाऊजी कानांवर हात ठेवायचे. "वयनी, बंद करा ना बाप्पा! मले अंधारात घरी जा लागते." एक नंबरचे भित्रे! मी मात्र त्यातली नाही. सासूबाईंनी एकदा घरी भगत आणला होता, त्याला चहा पाजून वाटेला लावणारी मीच. त्यामुळे आज स्वतःच इथे लिहायला बसले आहे याची मला थोडी लाज वाटते आहे. पण जे झालं ते मनात ठेवून ठेवून आता जड झालंय.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोहाडीला आमचं छोटंसं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. एरवी गेट, ग्रिल, शेड अशी कामं असतात. वादळ नाहीतर गारपीट झाली की मात्र सगळे फोन छपरांसाठी येतात. कुणाची कवेलू, म्हणजे कौलं, फुटलेली, कुणाच्या टिना उडालेल्या, कुणाचा उजेडाचा पत्रा फुटून घरात आभाळ दिसतंय. पक्कं काम मागाहून होतं. त्या दिवशी फक्त पाणी आत येऊ नये एवढंच बघायचं. फुटलेल्या जागेवर प्लायचा तुकडा, वरून ताडपत्री, तिच्यावर लाकडी पट्ट्या आणि कडेने रेतीच्या चुंगड्या, म्हणजे भरलेली पोती.

यात सगळ्यात वाईट तो फायबरचा पत्रा. आत उजेड यावा म्हणून टिनांच्या मधे मधे बसवतात ना, तो. पाच-सहा उन्हाळे खाल्ले की तो पापडासारखा होतो. वरून धूळ, शेवाळ, पालापाचोळा बसला की टिन कोणतं आणि फायबर कोणता, काही समजत नाही. खालून मात्र लहान पोरालाही दिसतं, कारण उजेड तिथूनच येतो. म्हणून आमची पद्धत अशी की माझे मिस्टर, नामदेव, वर चढायचे आणि मी खाली लांब बांबू घेऊन उभी राहायची. ते फायबरजवळ आले की मी खालून त्या पत्र्याला बांबूने ठोकायची. ठोका तळपायाला जाणवतो. ठोका आला, की तिथे पाय द्यायचा नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा हे शिकवलं ते आमच्याच घरामागच्या शेडमध्ये. त्या दिवशी ते खाली होते आणि मला शिडीवर उभं केलं होतं. त्यांनी खालून दोनदा ठोकलं. "बस, दोन. एक ठोका चुकून लागू शकते. दोन म्हणजे माणूस आहे." पण पुढे मी खाली उभी राहायला लागले तेव्हा माझ्याने दोनवर थांबणं कधी झालंच नाही. भीतीच वाटायची. मी तीन ठोकायची. वरून लगेच आवाज यायचा, "तिसरा कायले वो? मी बहिरा हाव का?" मी म्हणायची, "तिसरा माझ्या जिवासाठी." रोजचं भांडण होतं ते आमचं.

नामदेव गेले ते दिघोरीकडच्या एका गोदामावर. त्या दिवशी मी माहेरी होते, म्हणून खाली तिथलाच एक माणूस उभा राहिला. चांगला माणूस होता बिचारा. आमच्याकडे कवेलूच्या घरांत जुना रिवाज आहे. छत गळत असलं की घरातला माणूस गळतं त्या जागी खालून काठी ठोकतो, म्हणजे वरच्याला कळतं की इथे ये, इथलं कवेलू फुटलंय. त्या माणसाला जन्मभर तेच माहीत. एका टिनाला भोक होतं, तिथून पाणी गळत होतं, म्हणून त्याने त्या टिनाला ठोकलं... इथे या. नामदेवांना आमची पद्धत माहीत... इथे येऊ नका. ते ठोक्यापासून बाजूला सरकले आणि बाजूला फायबर होता.

कुणाला दोष द्यायचा? मी कुणालाच दिला नाही. दोघांनीही आपापल्या परीने बरोबरच केलं होतं.

त्यानंतर लोक म्हणाले, दुकान बंद करा. पण दुकान बंद करून खायचं काय? भाऊजी भंडाऱ्याला शिकून तिथेच नोकरी करत होते, ती सोडून ते आले आणि वर चढायला लागले. मी खाली. पहिल्या कामाला निघालो तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, "एक पोरगा गेला माहा. दुसरा तुह्या भरवशावर वर चढवून राहिली मी." तेव्हापासून मी एक नियम केला. मी खाली असल्याशिवाय भाऊजींचा पाय छपरावर पडणार नाही.

आता त्या दिवसाचं सांगते. हा यंदाच्या उन्हाळ्यातला प्रसंग आहे. करडीच्या पुढचं एक गाव आहे, नाव देत नाही, तिथल्या लोकांना उगाच त्रास नको. आदल्या संध्याकाळी तिथे जबरदस्त गारपीट झाली होती. उन्हाळी धान अक्षरशः जमिनीला टेकलेला, बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवरचा पळस नागडा झालेला. बहुतेक घरांची कवेलू फुटलेली. लोकांना गावच्या समाजभवनात हलवायचं ठरलं होतं, पण समाजभवनाचंच छप्पर जागोजाग फुटलेलं. सरपंचांचा फोन आला, "काहीही करा, पण सांज व्हायच्या आत झाकून द्या. ढग पुन्हा भरून राहिले."

आम्ही दुपारी पोचलो. बायका, पोरं, गाठोडी, एक बाळंतीण... सगळे कडुनिंबाखाली बसलेले. भवनात आत कुणीच नव्हतं. एकच दार. त्या दाराच्या उंबऱ्याजवळ तानाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई वाऱ्याच्या आडोशाला नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना ओलांडूनच आत गेले. वर उतरत्या छपराला फायबरच्या दोन रांगा होत्या, एक पुढच्या बाजूला, एक मागच्या. जमिनीवर गारांचं पाणी आणि चिखल.

पुढची बाजू नीट झाली. मी ठोकत गेले, भाऊजी प्लाय ठोकत गेले, पहिली ताडपत्री बसली. मग त्यांनी दुसरी, मोठी ताडपत्री मागच्या बाजूला सोडली. आमच्या कामातली हीच खरी धोक्याची वेळ. ताडपत्री पसरली की वरच्या माणसाला टिन, फायबर, खिळे, काहीच दिसत नाही. सगळं एकसारखं निळं. आता मागच्या रांगेखाली जायचं म्हणून मी वळणार, तोच वाऱ्याचा झोत आला आणि वरून भाऊजी ओरडले, "वयनी, बाहेर या! दोर सुटला, कोपरा दाबा!"

मी धावत बाहेर आले. बांबू हातातच होता. ताडपत्रीचा मागचा कोपरा फडफडत वर जात होता. मी बांबूच्या टोकाने तो खाली ओढला, एका हाताने दोर पकडला आणि भिंतीला पाय लावून उभी राहिले. खिडकीच्या गजाला बांधायला जाते तर हाताला झटका बसायचा, इतका वारा. आणि मग मान वर करून पाहते तर भाऊजी खांद्यावर चुंगडी घेऊन मागच्या उतारावर चालायला लागलेले! कोपरा दबलेला पाहून त्यांना वाटलं होतं, मी दोर बांधून परत आत गेले.

मी ओरडले. जिवाच्या आकांताने ओरडले. "भाऊजी, थांबा! मी आत नाही!" पण त्या वाऱ्यात आणि ताडपत्रीच्या फडफडाटात माझं मलाच ऐकू येईना. दोर सोडून आत पळावं तर ताडपत्री त्यांच्यासकट उडणार. धरून ठेवावं तर खाली ठोकायला कुणी नाही. सासूबाईंचा तो चेहरा माझ्यासमोर आला. मी नुसती दोर धरून वर पाहत राहिले. आयुष्यात एवढी लाचार मी कधी नव्हते.

आणि भाऊजी थांबले.

उचललेला पाय त्यांनी हवेतच ठेवला आणि मागे घेतला. डावीकडे सरकले. दोन पावलं गेले, पुन्हा थांबले, मान खाली घालून पायाकडे पाहिलं, पुन्हा वळसा घेतला. शेतात धुऱ्यावरून, अरुंद बांधावरून, तोल सांभाळत माणूस चालतो ना, तसे ते त्या सगळ्या उतारावर चालले. चुंगड्या ठेवल्या, पट्ट्या ठोकल्या, दोर ताणून बांधला आणि शिडीने खाली उतरले. तोवर माझा दोरही गजाला बांधून झाला होता. तळहात सोलून निघाले होते, पण तेव्हा कळलं नाही.

भाऊजी हसत हसत भिंतीला वळसा घालून आले. "वयनी, हात दुखून राहिला का?"

"काहून?"

"मांगच्या बाजूले तुमी दोनच ठोकून राहिल्या. नेहमी तीन असतात."

त्यांनी माझ्या हातातल्या बांबूकडे पाहिलं. गजाला बांधलेल्या दोराकडे पाहिलं. मग माझ्या तळहातांकडे. त्यांचं हसू हळूहळू गेलं आणि ते तिथेच ओल्या मातीत खाली बसले.

"तुमी बाहेरच होत्या?"

"हो."

"मंग आत कोण होतं?"

मी दाराकडे गेले. तानाबाई तशाच उंबऱ्याशी होत्या, नातू झोपला होता. मी विचारलं, आत कोण गेलं होतं? "कोणी नाई गेलं वो बाई. मी दारातच बसून आहो ना." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आवाज आला मातर. ठक ठक. तू तं बाहेर गेली होती, म्हून मले वाटलं वरचाच माणूस ठोकून राहिला."

मी आत गेले. मागच्या भागात मी अजून पाय ठेवला नव्हता. तिथला चिखल सपाट होता, कुणाच्याच पावलाचं चिन्ह नव्हतं. पण फायबरच्या प्रत्येक पत्र्याच्या खाली, बरोबर खाली, ओल्या जमिनीवर जुनी काळी धूळ आणि जळमटं नुकतीच पडलेली होती. बांबूने ठोकलं की पडते तशी. टिनांच्या खाली काही नव्हतं.

मी डोकं चालवणारी बाई आहे, म्हणून मी तिथेच उभी राहून कारणं शोधली. वाऱ्याने पत्रे हादरले असतील. पण मग धूळ सगळीकडे पडायला हवी. ऊन गेलं की टिना आवाज करतात, हेही खरं. पण तो आवाज भाऊजी ओळखतात, त्याला ते फसणार नाहीत. आणि टिन वाजलं असतं तर ठोका टिनावर आला असता. फायबरवरच कसा आला, तोही पाय पडायच्या आधी? आणि समजा हेही सगळं योगायोगाने झालं... तरी दोन का? त्या शेडमधल्या दोन ठोक्यांचं मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. भाऊजींनी माझे तीनच ऐकले होते, पहिल्या दिवसापासून. मी त्यांना खोदून खोदून विचारलं. नामदेवांच्या तोंडून त्यांनी असं काही कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी पाऊस आला, चांगला जोरात आला. आम्ही तोवर निघालो नव्हतो. लोक आत गेले, बाळंतिणीला कोपऱ्यात कोरडी जागा मिळाली. छपरातून एक थेंबही गळला नाही. मी पण आत एका बाजूला बसले होते आणि माझं सगळं लक्ष वर, त्या मागच्या रांगेकडे होतं. ताडपत्रीमुळे तिथून आता उजेड येत नव्हता.

आणखी एक सांगते, हसू नका. मला त्यांचा राग आला. खूप राग आला. ते गेल्यापासून मी त्यांना स्वप्नातही नीट पाहिलेलं नाही. वर्षश्राद्धाला कावळा शिवला नाही म्हणून सासूबाई रडत होत्या, तेव्हा मीच त्यांना समजावत होते की असं काही नसतं. आणि इथे... भावासाठी खाली येऊन उभं राहता येत होतं, तर माझ्यासाठी एकदा तरी? एक ठोका? त्या रात्री घरी मी बायकांसारखी नाही, लहान पोरीसारखी रडले.

हे नामदेवच होते असं मी म्हणत नाही. मी अजूनही भगताला चहा पाजून परतच पाठवीन. सासूबाईंना तर काहीच सांगितलेलं नाही, त्या दुसऱ्याच दिवशी पूजा घालतील. नेमकं काय झालं, ते मला आजही माहीत नाही, आणि कुणी समजावून सांगेल अशी आशाही नाही.

आता मी भाऊजींसमोर असल्या गोष्टी वाचून हसत नाही. काम मात्र चालूच आहे, मी खाली, ते वर. परवा नव्या कामावर शिडी लावताना त्यांनी मला हळूच विचारलं, "वयनी, आजपासून तुमी पण दोनच ठोकसान का?"

मी म्हटलं, "नाही. मी तीनच ठोकणार. तीन आले तर समजा मी आहे."

"अन् दोन आले त?"

"तरी थांबायचं, भाऊजी."