मानेपासून उतरलेलं गरम पाणी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणाऱ्यांपैकी मी. शिरोली एमआयडीसीत मशीनशॉपला नोकरी, सगळं मोजून बघायची सवय. म्हणूनच हे लिहावं की नको, यात वर्ष गेलं...

सुट्टीच्या दिवशी मी विलासदादाबरोबर पाण्याखालच्या कामांना जातो. दादा पन्नाशीचा, अशी कामं तोच घेतो; स्कूबा डायव्हिंग मला त्यानंच शिकवलं. मागच्या जानेवारीत चंदगडकडच्या एका धरणावर काम होतं — पाणी सोडायच्या तोंडावरच्या लोखंडी जाळीत अडकलेल्या फांद्या काढायच्या. सकाळचे दहा वाजले होते, ऊनही होतं, पण पाणी असं गार की हात घातला तर हाडापर्यंत कळ जावी.

उतरण्याआधी दादानं नेहमीप्रमाणे थर्मासमधलं कोमट पाणी माझ्या वेटसूटमध्ये मानेकडून ओतलं. सूटच्या आत पाण्याचा पातळ थर राहतो, तो आधीच कोमट असला की सुरुवातीचा गारठा कमी लागतो. बोटीत अण्णा होते, धरणावरचे जुने कर्मचारी. आम्हा दोघांच्या कमरेचे दोर त्यांच्या हातात.

चौदा मीटरवर हातभर अंतरापलीकडचं दिसत नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं काम झालं असेल. एक फांदी ओढताना सूट पाठीवर टर्रकन फाटला आणि बर्फासारखं पाणी आत शिरलं. वर जायला वळलो, तर दोर जाळीत गुंतलेला! सुरी काढायला गेलो... बोटं मिटेनात. अंग थडथडत होतं, टाकीतली हवा भराभर संपत होती. दादा कुठंच दिसेना. बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आला, खोटं कशाला सांगू.

आणि तेव्हा — मानेकडून कुणीतरी गरम पाणी ओतलं.

अगदी सकाळसारखं. सावकाश, धार धरून. पाठीवरून कमरेपर्यंत, मग दंडातून बोटांत. मागं वळलो, कुणी नाही. पण बोटं हलत होती. दोर कापला आणि वर आलो.

दादा बोटीत बसून परत मास्क चढवत होता.

"काय करत हुतास खाली? धा मिन्टं झाली दोर वडतोय!"

"तू कधी वर आलास?"

"पायात गोळा आला. खांद्यावर थाप मारून, खूण करून आलो की!"

अण्णांनी मान हलवली. "व्हय, कवाचा वर हाय त्यो."

माझा पहिला संशय दादावरच. सूटमध्ये गरम राहणारी पट्टी-बिट्टी चिकटवली असणार! सूट काढून उलटा केला, काही नाही. पाठ मात्र मानेपासून कमरेपर्यंत लालबुंद, दोघांनीही पाहिली. खोली-तापमान नोंदवणारा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर तपासला, पाणी सगळा वेळ तेवढंच गार, एक अंशही चढलं नव्हतं. कोल्हापुरात डॉक्टर म्हणाले, अति गारठ्यात कधी कधी उगीच गरम वाटतं, लाली सूट घासून आली असेल. पटवून घेतलं मी.

पण एक गोष्ट पटत नाही. बोटीत, सूट काढायच्याही आधी, मी एवढंच म्हणालो होतो, "दादा, खाली एकदम गरम लागलं." त्यावर दादाचा चेहरा उतरला. हळूच विचारलं,

"मानंकडनं का रं?"

मान हा शब्द मी उच्चारलाच नव्हता.

त्यानंतर दादानं त्या धरणाचं काम घेतलेलं नाही. मी तीनदा खोदून विचारलं. तिसऱ्यांदा तो ओरडलाच, "जित्ता हाईस न्हवं? मग गप की!"

आम्ही अजूनही एकत्र डाइव्हला जातो. पण तो पाठीमागे आला की मी वळून बघतो. त्याला काय ठाऊक आहे, आणि ते माझ्यापासून का लपवतोय, हे मला आजही कळलेलं नाही.